शहागडचा व्हेल शार्क

सोयरे दारात यायची वेळ झाली आणि घरात चहापुरतंही दूध नव्हतं. गोठ्यात दुभती म्हैस असताना ही वेळ आणायला माणूस तसाच कर्तबगार लागतो, आणि कडूबा तसा होता. बायकोनं आदल्या दिवसापासून बजावून ठेवलं होतं, की उद्याचं सकाळचं दूध डेअरीला घालू नका, जालन्याच्या मस्तगडचे पाहुणे घर बघायला येणार आहेत. कडूबानं मान डोलावली. सकाळी उठला, कॅन सायकलला अडकवला, दूध डेअरीला घातलं आणि वर तिथंच उभ्या उभ्या एक चहाही पिऊन आला.

"आवं, काय सांगितल्तं म्या तुम्हाला?" सोनूबाईनं विचारलं.

"ध्यानात व्हतं की," कडूबा म्हणाला. "परत येताना बराबर आठवलं."

"आता चहा कशाचा करू?"

"पिशवीचं आणतो हायवेवरून. जल्दी काम."

"घरी म्हैस असून सोयऱ्याला पिशवीचं दूध पाजू? म्हैस भाड्यानं आणून बांधली म्हणतील ते! चांदी आली की ताजं काढते. कुठं हाय ती?"

कडूबानं गोदावरीच्या दिशेनं पाहिलं. त्याला तिकडेच पाहायची सवय होती, कारण दुपार झाली की चांदी नदीत आणि कडूबा लिंबाखाली, हा दोघांचा जुना करार होता.

हे ऐकून त्यांचा मुलगा कल्याण घरातून धावत बाहेर आला. "अण्णा, आज तिला नदीत सोडू नका म्हणून सांगितल्तं ना? आज तिथं माझी बोट हाय, पाहुणे हायेत!"

"मी न्हाई सोडली. तीच गेली. तिला काय सोयरीक माहीत हाय का?"

पुढं जे काही झालं त्याला अपघात म्हणायची रीत आहे. पण त्यातली एकही गोष्ट अशी नव्हती की जी आधी कुणी कुणाला सांगितलेली नव्हती.

कल्याणनं चार वर्षं मालवणला डायव्हिंगच्या बोटीवर काम केलं होतं. पर्यटकांच्या पाठीवर सिलिंडर बांधायचा, त्यांना पाण्यात उतरवायचं आणि घाबरून वर आले की "मस्त केलंत साहेब" म्हणायचं, असं ते काम. एका सकाळी अडकलेला नांगर सोडवायला तो खाली उतरला, तर डोक्यावरची बोट अचानक दिसेनाशी झाली. वर पाहिलं तर बोटीच्या आणि त्याच्या मधून व्हेल शार्क चालला होता. एसटीच्या गाडीएवढा लांब, काळसर निळ्या पाठीवर पांढरे ठिपके. तोंड उघडं, आणि घाई कसलीच नाही. त्यानं कल्याणकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कल्याण दोरी धरून तसाच राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण अगदी लहान आहोत याचं त्याला बरं वाटलं.

ही गोष्ट त्यानं शहागडला येऊन सांगितली. तीच चूक झाली.

"एवढा मोठा, आन् खातो काय?" कडूबानं विचारलं होतं.

"बारीक बारीक किडे. पाण्यात तोंड उघडून चालतो, आपोआप जातात आत."

"चावत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"चावत न्हाई तर एवढा मोठा कशाला झाला मंग?" कडूबा म्हणाला, आणि पारावरच्या सगळ्यांना हा मुद्दा पटला. तेव्हापासून गावात कुणी पाऊसपाण्याबद्दल जरा वाढवून बोललं की लोक म्हणत, कल्याणचा मासा झाला हा.

विश्वास ठेवला तो एकटीनं. जालन्याच्या विमा कार्यालयातला एक घोळका मालवणला सहलीला आला होता. बोटीवर कल्याणचं "करून राह्यलो" ऐकून त्यातल्या अंतरानं विचारलं, "तुम्ही आमच्याकडचे का हो?" मग परतीच्या वाटेवर त्यानं तिला मासा सांगितला. ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "त्याचा डोळा केवढा होता?"

"लिंबाएवढा. एवढ्या धुडाला एवढासा डोळा."

"मग खरं आहे," अंतरा म्हणाली. "खोटं असतं तर डोळाही मोठाच सांगितला असता तुम्ही."

माणूस प्रेमात पडायला याहून कमी कारणं पुरतात. दोन वर्षांनी गोष्ट घरी गेली. अंतराचे वडील जगन्नाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात पाण्याच्या फायलींत गेली, पण पाण्यात पाय घालायचा प्रसंग आला नव्हता. ते म्हणाले, "मुलगी समुद्रावर पाठवायची नाही. जिल्ह्यात काही करत असेल तर घर बघू."

म्हणून कल्याणनं मालवणच्या मालकाकडून एक जुनी बोट आणि सिलिंडरचा संच आणला आणि शहागडला काम सुरू केलं. काम म्हणजे नदीत आणि विहिरीत पडलेल्या शेतीपंपाच्या मोटारी काढणं. त्याला तोटा नव्हता. पण सरपंच राजानंद यांना मोटारीत पर्यटन दिसलं. त्यांनी स्वतः होऊन हायवेवर फ्लेक्स लावला, 'गोदामाई स्कूबा डायव्हिंग, मराठवाड्यात प्रथमच'. त्यावर डॉल्फिन, कासव, ऑक्टोपस, एक जलपरी आणि सरपंच होते. सगळ्यात मोठे सरपंच होते.

पाहुणे आले. जगन्नाथराव, सरोजिनीबाई, अंतरा आणि पुण्याहून खास सुट्टी काढून आलेला तिचा मोठा भाऊ मुकुल. मुकुलनं अंदमानात डायव्हिंगचा कोर्स केला होता, ही माहिती त्यानं चप्पल काढायच्या आत दिली. पोहे झाले. चहा काही येईना. सरोजिनीबाईंनी एकदा घसा खाकरला, सोनूबाई आतून "आणतेच हां" म्हणाली आणि मागच्या दारानं नदीकडे पाहू लागली.

वेळ काढायचा म्हणून कडूबा म्हणाला, "तवर पोराचा धंदा तर बघून घ्या."

"मी उतरतो पाण्यात," मुकुल म्हणाला. "बघू, सेफ्टी कशी ठेवतात."

कल्याणनं पाण्यावर नजर फिरवली. वरच्या पावसानं गोदावरी चहासारखी झाली होती, तेवढ्यापुरता चहा पाहुण्यांना दिसला म्हणायचा. पलीकडे बाभळीखाली पाण्यावर दोन नाकपुड्या तरंगत होत्या. "मुकुलराव, आज राहू द्या. काहीच दिसणार न्हाई."

"लो व्हिजिबिलिटीची मला सवय आहे."

"बरं. मंग एक ध्यानात ठेवा. पाण्यात अंगठा वर केला म्हणजे 'छान' न्हाई. त्याचा अर्थ..."

"'वर घ्या'. माहीत आहे हो, कोर्स केलाय मी."

मुकुल उतरला. कल्याण बोटीत त्याच्या कमरेची दोरी धरून बसला. काठावर जगन्नाथराव हात मागं बांधून उभे होते, शासकीय कामाची पाहणी करतात तसे. थोडा वेळ बुडबुडे आले. आणि मग बाभळीखालच्या नाकपुड्या हलल्या. चांदीला बोट ओळखीची होती, कल्याणही ओळखीचा होता. उन्हं कलल्यामुळं तिला भूक लागली होती, आणि कल्याण म्हणजे ढेप हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. ती सरळ बोटीकडे निघाली. कल्याणनं "हाऽड! हाऽड!" केलं, पण नाकपुड्या पाण्याखाली गेल्या.

दोरीला असा हिसका बसला की बोट फिरली. मुकुल पाण्यातून बाहेर आला तो कमरेपर्यंत. चष्मा गायब, तोंडात हवेची नळी, त्यामुळं किंकाळी आतल्या आतच, आणि दोन्ही हातांचे अंगठे आभाळाकडे.

"वा!" काठावरून जगन्नाथराव ओरडले, आणि त्यांनीही दोन्ही अंगठे वर केले. "मजा येतेय वाटतं!"

मुकुलला बोटीत ओढून काठावर आणलं. नळी तोंडातून काढल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "मोठा! प्रचंड मोठा!"

"काय मोठा?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

मुकुलनं आजूबाजूला पाहिलं. आई होती, वडील होते, बहीण होती, गावातली पाचपन्नास माणसं जमली होती. त्यानं श्वास घेतला. "मासा. शार्क असणार. वीस फूट तरी होता. काळा. डोक्यावर पांढरा डाग. आणि डोळे," त्यानं हातानं वाटी केली, "एवढाले!"

गर्दीत मागं उभा असलेला कडूबा सहज बोलून गेला, "पांढरा टिक्का? आन् काळी? आरं ती तर..."

कल्याणनं बापाच्या पायावर पाय दिला. मस्तगडच्या पाहुण्यांसमोर, अंदमानात शिकून आलेला, नवरीचा थोरला भाऊ म्हशीला घाबरला असं सांगणं म्हणजे सोयरीक तिथंच नदीत सोडणं. त्यानं अंतराकडे पाहिलं. ती ओठ दाबून उभी होती. डोळा केवढा, हे ऐकल्याबरोबर तिला सगळं कळलं होतं.

तोवर सरपंच राजानंद गाडीवरून उतरले होते. "कल्याण, तू समुद्रातला माणूस. सांग बरं, कोणता मासा असंल?"

कल्याणला वाटलं, खरं तेच सांगावं, म्हणजे कुणाचा अपमान न होता गोष्ट मिटेल. "सरपंच, पांढऱ्या डागाचा एवढा मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. पण तो खाऱ्या पाण्यातच ऱ्हातो. गोदावरीत येऊच शकत न्हाई."

"पण डाग बराबर जुळला?"

"डाग जुळला, पण..."

"जुळला म्हणतोय!" राजानंदांनी गर्दीला सांगितलं.

"आवं, तो चाळीस फुटांचा असतो!"

"मंग हे पिल्लू हाय," कुणीतरी म्हणालं. "पिल्लू हाय म्हणजे माय जवळच असंल." दोन पावलं सगळी गर्दी मागं सरकली.

"तो कुणाला काही करत न्हाई," कल्याण घाईघाईनं म्हणाला. "नुसतं तोंड उघडून पाणी आत घेतो, दिवसभर."

इथं राजानंद थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर मोठी शांतता पसरली. गावाची पाणीपुरवठ्याची टाकी उन्हाळ्यापासून भरत नव्हती आणि ग्रामसभेत त्यावरून दरवेळी त्यांची सालं काढली जात होती. "दिवसभर पाणी पितो?" त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. "ऐकलं का सगळ्यांनी? तज्ज्ञ बोलून राह्यला. आता मला सांगा, टाकी भरणार कशी?"

इतकी वर्षं ज्या गावानं कल्याणच्या खऱ्या माशाला हसून घेतलं होतं, त्याच गावानं हा मासा पाच मिनिटांत पदरात घेतला. कुणाला मागच्या आठवड्यात शेपूट दिसली होती. कुणाची शेळी हरवली होती, ती आता सापडल्यातच जमा झाली. हायवेवरचे ट्रकवाले गाड्या कडेला लावून खाली आले. भजीवाल्यानं गाडा नदीकडे वळवला. मुकुल मधोमध टॉवेल गुंडाळून उभा होता आणि दरवेळी सांगताना मासा थोडा थोडा वाढवत होता. तो तीस फुटांवर पोचला तेव्हा जगन्नाथरावांनी कल्याणला बाजूला घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "मी समुद्र नको म्हणालो तो याच भीतीनं. तुम्ही तर समुद्रच इथं आणलात. असल्या जनावराच्या पाण्यात रोज उतरणाऱ्याला मी मुलगी देऊ? पोहे छान होते. निघतो आम्ही."

कल्याणला रडू यायचं बाकी राहिलं. मासा नव्हता म्हणावं तर मेव्हणा जातो, होता म्हणावं तर सासरा जातो. दोन्हीकडून अंतरा जात होती, आणि ती समोर दहा पावलांवर उभी होती. लाजलज्जा सोडून त्यानं तोंड उघडलं, "काका, खरं सांगतो. तो मासा न्हाई. ती आमची..."

"चांदेऽऽ! ए चांदेऽऽ! यीऽऽऽय!"

हातात चरवी घेऊन सोनूबाई घाटावर उभी होती. सून मिळो न मिळो, पाहुणा चहाशिवाय जाता कामा नये, एवढ्या एकाच विचारानं ती घरातून निघाली होती. गर्दी कशासाठी जमलीय याची चौकशीही तिनं केली नव्हती.

बोटीच्या मागं पाणी फुगलं. गर्दीतून "आलाऽ!" असा एकच कल्लोळ उठला. भजीवाला गाडा टाकून पळाला, सरपंच भजीवाल्याच्या पुढं. मुकुल आईच्या मागं गेला. पाण्यातून आधी दोन शिंगं आली, मग कपाळावरचा पांढरा टिक्का, मग वाटीएवढे शांत डोळे. एका शिंगाला मुकुलचा डायव्हिंगचा चष्मा लटकत होता. चांदी संथपणे घाट चढून आली, कल्याणजवळ थांबली आणि ढेपेसाठी तिनं त्याच्या खिशाला नाक लावलं.

मुकुल चष्म्याकडे पाहत होता. जगन्नाथराव मुकुलकडे पाहत होते. त्यांनी खात्यात तीस वर्षं काढली होती, समोर आलेल्या पुराव्याचं काय करायचं हे त्यांना शिकवायला नको होतं.

"जनावराला कुठं जखम तर नाही ना झाली?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"जखम?" कडूबा म्हणाला. "कशाची?"

"अहो, चष्मा माशाच्या तोंडात राहिला होता ना मुकुलचा. तो हिच्या शिंगाला आला, म्हणजे झटापट झालीच असणार."

मग राजानंद परत आले, धूळ झटकत. "म्हणजे म्हशीनं मासा पळवला!" ते ओरडले. "शहागडच्या म्हशीनं! घ्या रे फोटो!" आणि सगळ्या गर्दीला असं काही हायसं वाटलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी चांदीच्या गळ्यात हार घातला. तिनं तो खाल्ला.

"गेलाच का तो नक्की?" जगन्नाथरावांनी कल्याणला विचारलं. सगळा घाट कल्याणच्या तोंडाकडे पाहत होता. मुकुल तर असा पाहत होता, की तसं त्यानं अंदमानच्या गुरुजींकडेही पाहिलं नसेल.

कल्याणनं अंतराकडे पाहिलं. तिनं हळूच एक अंगठा वर केला. डायव्हिंगच्या भाषेत याचा अर्थ 'आता वर ये' असा होतो.

"गेला," कल्याण म्हणाला. "वर पैठणच्या... न्हाई, खाली नांदेडकडं गेला. परत यायचा न्हाई."

"मग धोका उरला नाही," जगन्नाथराव म्हणाले. "आणि घरात असली म्हैस असेल तर आम्हाला काळजी नाही. काय हो?"

सरोजिनीबाई म्हणाल्या, "मी मघापासून चहाची वाट बघतेय."

चांदीनं त्या दिवशी चरवी भरून दूध दिलं. चहा झाला, सोयरीक झाली, सोनूबाईनं तिथल्या तिथं राजूरच्या गणपतीला नारळ बोलून टाकला. मुकुलनं कपातून एक घोट घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "दुधाला किंचित माशाचा वास येतोय, नाही?"

"येणारच," कल्याण म्हणाला.

लग्न झालं. हंगाम सुरू होताना मालवणच्या मालकाचा फोन आला, तेव्हा जगन्नाथरावांनीच आग्रह केला की जा. गोदावरीतल्या त्या जनावरासमोर उभा राहिलेला मुलगा समुद्राला काय भिणार, असं ते मस्तगडला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असत. दिवाळीनंतर दोन्ही घरची मंडळी मालवणला गेली. कल्याणनं सगळ्यांना बोटीत घातलं आणि मनातल्या मनात एकच गोष्ट मागितली. समुद्र सहसा माणसाचं ऐकत नाही. त्या सकाळी त्यानं ऐकलं.

बोटीच्या डाव्या अंगाला पाणी आधी काळं झालं, मग त्यात पांढरे ठिपके उमटले. तो आला. बोटीहून लांब, तोंड उघडं, तीच निवांत चाल. अख्खा मासा बोटीखालून गेला. कल्याणच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांनी आपली गोष्ट आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोरून चालली आहे, आता तरी खरं म्हणतील.

जगन्नाथरावांनी बराच वेळ पाहिलं. "छान आहे," ते म्हणाले. "पण लहान आहे."

"पिल्लू असणार बाबा," मुकुल म्हणाला. "आपला केवढा होता!"

ज्या कडूबानं चांदीला रेडकू असल्यापासून वाढवलं, तिला रोज हातानं धुतलं, तो कडूबा वाकून पाण्यात पाहत म्हणाला, "याला तर आमच्या चांदीनं एका शिंगावर घेतला असता."

कल्याण उठून बोटीच्या टोकाला अंतराशेजारी जाऊन बसला. ती अजून पाण्यात पाहत होती.

"डोळा लिंबाएवढाच आहे रे," ती हळूच म्हणाली. "अगदी तू सांगितला होतास तेवढा."

कल्याणला भरून आलं. सगळं जग गेलं तरी चालेल, ही एक पुरे, असं त्याला वाटलं. त्यानं तिचा हात हातात घेतला.

मग तिनं मागं वळून एकदा मुकुलकडे आणि एकदा वडिलांकडे पाहिलं.

"कल्याण," तिनं अगदी कानाशी येऊन विचारलं, "त्या दिवशी चांदी होती ते मला माहितीये. पण तिच्याबरोबर दुसरं पण काहीतरी होतं ना रे?"